अकरा सेकंदांचा विराम

नवजात विभागाची इनचार्ज सिस्टर चौथ्या सेकंदाला बोलून गेली आणि प्रशिक्षणवर्गात हशा पिकला.

“थांबा!” प्रशिक्षकांनी हात वर केला. “सिस्टर, पुन्हा तेच. नटवर्य अकरा सेकंद थांबले होते. तुमची गाडी चौथ्यालाच सुटते. एवढी घाई कुठं जायची?”

“वर,” ती म्हणाली. “दुसऱ्या मजल्यावर. नऊ बाळं आहेत माझी.”

पुन्हा हशा. लाँड्रीचे प्रमुख तर मांडीवर थाप मारून हसले. तिनं विनोद केला नव्हता. पण वर्गात तीन आठवडे विनोद कसा करावा हेच शिकवलं गेल्यामुळे कुणी काहीही बोललं तरी लोक जबाबदारीनं हसत होते.

प्रशिक्षकांच्या कार्डावर ‘वाणीशिल्पी’ असं सोनेरी अक्षरांत छापलेलं होतं. दर दोन वाक्यांनी ‘थांबा’ म्हणण्याच्या सवयीमुळे रुग्णालयात मात्र त्यांचं नाव पहिल्याच दिवशी थांबासर पडलं. माणूस वाईट नव्हता. स्वतःचं कोमट पाणी स्वतः घेऊन यायचा, खुर्च्या लावायला हात लावायचा, आणि आपण जे शिकवतो ते जगाच्या कल्याणाचं आहे यावर त्याचा मनापासून विश्वास होता. त्यांची पद्धत सोपी होती: थोरामोठ्यांकडून एकेक गोष्ट उचलायची. जादूगाराकडून नजर. लिलाव पुकारणाऱ्याकडून वेग. निवडणुकीच्या सभा गाजवणाऱ्या पुढाऱ्याकडून मूठ. आणि या सगळ्यांवर कळस म्हणून एका दिवंगत नटवर्यांकडून विराम. त्यांच्या गाजलेल्या नाटकातल्या एका प्रवेशाचं जुनं चित्रीकरण थांबासर प्रत्येक वर्गाच्या शेवटी भिंतीवर दाखवत. न्यायाधीशाच्या वेशातले नटवर्य सख्ख्या भावाला शिक्षा सुनावायला उभे राहतात, “न्यायासनाला भाऊ नसतो” एवढं म्हणतात, आणि मग अकरा सेकंद काहीच बोलत नाहीत. सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू येईल. अकराव्या सेकंदानंतर ते म्हणतात, “पण माणसाला असतो.” आणि टाळ्यांचा कडकडाट होतो.

“हा विराम,” थांबासर डोळे पुसत सांगत, “माणूस आयुष्यभर साधना करतो तेव्हा येतो. तुम्हाला मी तो सहा आठवड्यांत देतोय.”

हे सगळं सुरू होण्याचं कारण नव्या व्यवस्थापकांची न्यायबुद्धी. दरवर्षी प्रत्येक खात्याचा प्रमुख आपापली मागणी कागदावर लिहून देई आणि ते कागद कार्यालयातल्या एका कपाटात जाऊन पडत. व्यवस्थापकांनी आल्या आल्या ते कपाट उघडलं आणि आठ वर्षांचे कागद अंगावर कोसळल्यावर ताबडतोब निर्णय घेतला: कागद बंद. यंदा प्रत्येक प्रमुखानं संचालक मंडळापुढे उभं राहून सात मिनिटं बोलायचं. बारा मागण्यांपैकी तीन मंजूर होतील. वशिला नको म्हणून गुण दिले जातील, आणि सगळ्यांना समान संधी मिळावी म्हणून सगळ्यांना प्रशिक्षण. गुणपत्रिका थांबासरांनीच तयार करून दिली होती. उभं राहणं दहा गुण, नजर पंधरा, हात पंधरा, गोष्ट वीस, विराम वीस, शेवट पंधरा. उरलेले पाच गुण ‘मागणीची गरज’ या रकान्याला होते.

सिस्टरची मागणी एका ओळीची होती: दुपारपाळीला आणखी एक सिस्टर हवी.

सकाळी तिच्या विभागात तिघी असत. दुपारी दोनला पाळी बदलली की नऊ बाळांमागे एकटी धाकटी सिस्टर उरे. वर्षभरापूर्वी एक सिस्टर नोकरी सोडून गेली होती. तिची जागा कार्यालयानं ‘गोठवली’ होती, आणि गोठवलेली वस्तू पुन्हा वितळवण्याचा अर्ज कुणाकडे करायचा हे कुणालाच ठाऊक नव्हतं. ही बाळं महिने भरायच्या आधीच जन्माला आलेली. काही तर ओंजळीत मावतील एवढी. काचेच्या पेटीत ठेवलेल्या या बाळांची एक खोड असते: झोपेत ती श्वास घ्यायला विसरतात. रडत नाहीत, हलत नाहीत, नुसती थांबतात. पंधरा सेकंद श्वास दिसला नाही की पेटीवरची घंटा वाजते, आणि मग कुणीतरी धावत जाऊन बाळाच्या तळव्याला हलकी टिचकी मारायची. बाळ दचकतं, नाक मुरडतं आणि श्वास घेतं. बहुतेक वेळा एवढंच पुरतं. पण ते करायला तिथं एक रिकामा हात लागतो. धाकट्या सिस्टरचे दोन्ही हात एका बाळाला नळीनं दूध पाजण्यात गुंतले असले, तर दुसऱ्याच्या घंटेला तिसरा हात ती कुठून आणणार?

इनचार्ज सिस्टरला विराम का जमत नव्हता, याचं उत्तर एवढ्यातच होतं. सतरा वर्षांच्या नोकरीत शांतता म्हणजे कुठंतरी काहीतरी थांबलंय, हे तिच्या अंगात भिनलं होतं. एक, दोन, तीन मोजता मोजता तिचा उजवा हात आपसूक पुढे जाई आणि तर्जनी अंगठ्याला टेकून टिचकीच्या तयारीत येई. थांबासरांना ती हाताची भलतीच मुद्रा वाटे. त्यांनी वहीत तिच्या नावापुढे लिहिलं होतं: ‘विराम कच्चा. बोटांची चुळबूळ.’

घरी तिचा सराव सासऱ्यांपुढे चाले. नवरा फिरतीच्या नोकरीवर, महिन्यातले वीस दिवस बाहेर. घरात ती आणि मामंजी. मामंजींनी चौतीस वर्षं एका नाटक कंपनीत प्रॉम्प्टरचं काम केलं होतं. विंगेत स्टुलावर बसायचं, मांडीवर नाटकाची वही, वहीवर बोट, आणि नट अडला की पुढचा शब्द पोचवायचा. तो नटाला ऐकू गेला पाहिजे आणि पहिल्या रांगेतल्या प्रेक्षकाला नाही. त्या कामानं त्यांचा आवाज कायमचा कुजबुजीत अडकला होता. स्वयंपाकघरातल्या सुनेला ते बाहेरच्या खोलीतून “चहा” म्हणत तेव्हा तो नेमका तिच्या कानाजवळ पोचे. मधे बसलेल्या पाहुण्याला पत्ता लागत नसे.

ती उभी राहून भाषण म्हणे आणि मामंजी कागदावर बोट ठेवून बसत. ती अडली की पुढच्या वाक्याचा पहिला शब्द देत. फक्त पहिला.

“मामंजी, पूर्ण वाक्य सांगितलंत तर काय बिघडेल?”

“पूर्ण सांगितलं तर तू माझं ऐकत बसशील. एक शब्द दिला की तुझं तुला आठवतं. माणसाला धक्का द्यायचा असतो सूनबाई, उचलून न्यायचं नसतं.”

“अगदी आमच्या बाळांसारखं आहे हे,” ती म्हणाली, आणि तळव्यावरच्या टिचकीचं त्यांना सांगितलं.

मामंजींनी ते फार लक्ष देऊन ऐकलं. “म्हणजे तूही प्रॉम्प्टरच की गं,” ते म्हणाले. “फक्त तुझ्या नटांना टाळ्या नसतात.”

भाषण थांबासरांनी दुरुस्त करून दिलेलं होतं. मूळ एका ओळीचं सात मिनिटांत रूपांतर करताना त्यांनी तिला एक हळवं बालपण बहाल केलं होतं. त्यात अंगणातली एक मिणमिणती पणती होती आणि तिला वाऱ्यापासून जपणारे दोन चिमुकले हात होते. सिस्टर वाढली होती चौथ्या मजल्यावर, विजेच्या दिव्याखाली. “पण पणतीला पर्याय नाही,” थांबासर म्हणाले होते. “विजेचा दिवा जपला असं म्हणता येईल का?”

मामंजींनी त्या पणतीबद्दल चकार शब्द काढला नाही. वहीत जे लिहिलंय ते बरं की वाईट हे प्रॉम्प्टरनं ठरवायचं नसतं.

सभेला चार दिवस उरले आणि तिचा विराम काही पाच सेकंदांपुढे जाईना. शेवटी तिनं मोबाइलवर ते चित्रीकरण लावलं आणि मामंजींपुढे धरलं. “हे बघा, असं यायला हवं म्हणतात. तुम्ही तर यांच्याच कंपनीत होता ना?”

नटवर्य म्हणाले, “न्यायासनाला भाऊ नसतो.” मामंजींनी मान वळवली. अकरा सेकंद ते खिडकीबाहेर बघत राहिले.

“काय झालं?”

“काही नाही. चहा टाक.”

चहा झाला, कप विसळून पालथा घालून झाला, तरी त्यांची चलबिचल थांबेना. मग ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

“सूनबाई, हे थांबणं तुला खरंच यायला हवंय?”

“वीस गुण आहेत त्याला. त्याच्याशिवाय पहिल्या तिघांत नाही येणार मी. आणि नाही आले तर आणखी वर्षभर ती पोरगी दुपारी एकटी.”

मामंजी खुर्ची ओढून बसले. “मग ऐक. आणि ऐकलंस की विसर. तो एकशे बारावा प्रयोग. चित्रीकरणवाले येणार म्हणून नटवर्य सकाळपासून बिथरलेले. ‘न्यायासनाला भाऊ नसतो’ इथवर आले आणि कोरे झाले. पार कोरे. मी शब्द द्यायला वाकलो तर माझा चष्मा पडला स्टुलाखाली. पान दिसेना.”

“पण तुम्हाला पाठ असेल ना? एकशे बाराव्या प्रयोगाला?”

“उलटं म्हणून दाखवलं असतं! पण प्रॉम्प्टरनं पाठ म्हणायचं नसतं, बोट ठेवून वाचायचं. पाठ म्हणायला लागला की एक दिवस दोघंही एकदम विसरतात, असं आमचे वस्ताद सांगायचे. मी आपला नेमाला धरून, गुडघ्यांवर बसून चष्मा चाचपडतोय. सापडला, पुसला, लावला, आणि शब्द दिला: ‘पण’. त्याला लागली अकरा सेकंदं.”

“म्हणजे ती साधना...”

“माझ्या चष्म्याची.” मामंजी हसले, पण लगेच गंभीर झाले. “दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आलं, रंगभूमीवरचं सर्वांत बोलकं मौन. नटवर्यांनी मला बोलावलं. म्हणाले, आता हे रोज करायला लागणार, पण मला मोजता येत नाही, तू मोज. पुढचे दोनशे प्रयोग मी मोजले. अकरा झाले की ‘पण’.”

“आणि तुम्ही हे कुणालाच सांगितलं नाहीत?”

“कोण विसरलं हे प्रॉम्प्टर सांगत नसतो. ते गेले, आणि तुझं अडलंय, म्हणून बोललो.”

तिनं ओट्यावर हात पुसले. “पण मग पुढच्या दोनशे प्रयोगांत तो विराम चांगला व्हायचा का हो?”

मामंजींनी चष्मा काढून पुसला. “टाळ्या पडायच्या. पण त्या पहिल्या दिवशी ते माझ्याकडे बघत होते. बुडणारा माणूस काठाकडे बघतो ना, तसे. पुढे ते प्रेक्षकांकडे बघायला लागले.”

सभा दुपारी तीनला, पहिल्या मजल्यावरच्या सभागृहात भरली. पाळी संपवून, धाकटीच्या हाती विभाग सोपवून सिस्टर खाली आली तेव्हा पाच संचालक आसनस्थ झाले होते. मध्यभागी अध्यक्षबाई, वयस्क, शांत, ऐकण्याची तयारी असलेल्या. बाजूला थांबासर, पुढ्यात गुणपत्रिका आणि सेकंद मोजायचं छोटं घड्याळ. कोपऱ्यात तिकाटण्यावर कॅमेरा.

लाँड्रीच्या प्रमुखांना कपडे वाळवण्याचं यंत्र हवं होतं. ते पुढे आले, जादूगाराच्या नजरेनं पाचही संचालकांना एकेक करून खिळवलं आणि खर्जात म्हणाले, “या रुग्णालयात चादर धुतली जाते.” मग थांबले. अकरा सेकंद खोलीत पंख्याशिवाय काही हललं नाही. “पण वाळत नाही!” एका संचालकांच्या डोळ्यांत पाणी तरळलं.

स्वयंपाकघराच्या प्रमुखबाईंनी “डोळे मिटा” अशी सुरुवात केली. पाच संचालकांनी डोळे मिटले. “तुम्ही एक ट्रॉली आहात. तुमचं एक चाक कुरकुरतंय.” इथं त्यांनी विराम घेतला, आणि तो संपल्यावरही दोन संचालकांचे डोळे उघडले नाहीत.

दफ्तरखात्याच्या प्रमुखांचं मोजणं चुकलं. ते बहुधा वीसपर्यंत गेले. भाषण संपलं असं समजून अध्यक्षबाई “धन्यवाद, फार छान” म्हणाल्या आणि त्यांचं उरलेलं निम्मं भाषण पोटातच राहिलं. त्यांना कशासाठी कपाटं हवी होती, की कपाटं नकोच होती, हे अखेरपर्यंत कळलं नाही. गाड्या लावण्याच्या जागेचे प्रमुख आले, त्यांनीही लहानपणी पणती जपलेली निघाली; त्यांच्या पुढच्यांनीही. सातव्या भाषणापर्यंत संचालक मंडळ वाकबगार झालं होतं: विराम सुरू झाला की कुणी चहाचा घोट घेई, कुणी मोबाइल बघे, आणि अकराव्या सेकंदाला सगळे पुन्हा हजर होत.

आठवी सिस्टर.

ती उभी राहिली. पणतीचं पहिलं वाक्य ओठांवर आलं. पण दोन पणत्या आधीच विझून गेल्या होत्या आणि तिसरी पेटवायला तिची जीभ वळेना. मनातल्या मनात तिनं कागदाची ती बाजू उलटली आणि थेट म्हणाली, “दुपारी दोननंतर या खोलीच्या बरोबर वरच्या खोलीत नऊ बाळांना मिळून एकच...”

छतातल्या हवेच्या झरोक्यातून घंटा ऐकू आली.

ती बारीक होती. खोलीतल्या बाकीच्यांना तो कुणाचा मोबाइल वाटला असेल, किंवा काहीच वाटलं नसेल. सिस्टरला तिच्या विभागातली प्रत्येक घंटा ओळखू येत असे. सलाइन संपल्याची घंटा तुटक वाजते. ही लांब होती, एका सुरातली. श्वासाची.

वाक्य ‘एकच’वर तुटलं.

एक. दोन. धाकटी वळली असेल. तीन. चार. चौथ्याला घंटा बंद व्हायला हवी होती, आणि चौथ्यालाच सिस्टरचा पाय उचलला गेला. पण समोर थांबासर मान डोलावत होते, डोळ्यांनी सांगत होते, थांबा, थांबा, जमतंय. वीस गुण. दारातून गेलं तर सगळं गेलं, वर्षभरासाठी. पाच. सहा. बहुतेक घंटा खोट्या असतात, तार निसटते, बाळ हात हलवतं. सात. धाकटीच्या हातात दुसरं बाळ असेल, नळी सोडता येत नसेल. आठ. तिनं वर पाहिलं. नऊ. तिच्या पाठोपाठ अध्यक्षबाईंनीही वर पाहिलं, मग उरलेल्या चौघांनी. दहा. वर धावणारी पावलं ऐकू येत नव्हती. अकरा. थांबासरांचे डोळे भरून आले. बारा. तेरा. तिच्या उजव्या हाताची तर्जनी अंगठ्याला टेकली होती.

चौदाव्याला तिनं माईक टेबलावर ठेवला आणि ती दाराबाहेर धावत सुटली.

धाकटी दोन नंबरच्या पेटीशी होती. एका हातात बाळ, दुसऱ्या हातात दुधाची नळी, बाळ उलटी करत होतं, आणि त्याला तिरकं धरून ती सहा नंबरच्या पेटीकडे बघत रडकुंडीला आली होती. “ताई, सहा! सहा!” सिस्टरनं पेटीच्या गोल खिडकीतून हात आत घातला. बाळाचे ओठ निळसर पडले होते. एक टिचकी. काही नाही. दुसरी, जरा जोरात. बाळानं भुवया आक्रसल्या, तोंड वाकडं केलं आणि श्वास घेतला. मग आणखी एक. घंटा बंद झाली.

त्या शांततेत खालून आवाज आला. टाळ्यांचा. बराच वेळ.

सिस्टर सभेत परत गेली नाही. बाळाचा रंग पुरता परतेपर्यंत ती पेटीत हात घालून तशीच बसली.

“मला चौदा सेकंद थांबता आलं, मामंजी,” घरी आल्यावर ती म्हणाली. पायांतल्या चपलाही काढल्या नव्हत्या. “सहा आठवडे पाचाच्या वर जमत नव्हती. आणि जिथं एकही थांबायला नको होतं, तिथं चौदा जमली. गुण मोजत उभी होते मी.”

मामंजींनी तिला पाणी दिलं. “बाळ?”

“बरं आहे.”

“मग बस,” ते म्हणाले, आणि तिच्या हातातून फुलपात्र परत घेतलं.

तीन दिवसांनी निकाल लागला. लाँड्रीचं यंत्र मंजूर, ट्रॉलीची चाकं मंजूर, आणि सगळ्यांच्या वर, शंभरपैकी ब्याण्णव गुणांसह, दुपारपाळीची सिस्टर मंजूर. गुणपत्रिकेवर थांबासरांच्या वळणदार अक्षरात शेरा होता: ‘विराम: अलौकिक. नजर थेट आकाशाकडे. शेवट: एकही शब्द न उच्चारता निघून जाणे, सर्वस्वी नवा प्रयोग.’ ‘मागणीची गरज’ या रकान्यात पाचपैकी दोन होते, कारण कार्यक्रमपत्रिकेवर छापलेली मागणी वक्त्यानं तोंडानं स्पष्ट केलेली नव्हती.

मंजुरीचा कागद हाती येताच तिनं तो विभागात नेऊन भिंतीवर लावला आणि मग व्यवस्थापकांच्या खोलीत थांबासरांना गाठलं. ते तिलाच शोधत होते. त्या दिवसाचं चित्रीकरण पुढच्या वर्गांना दाखवण्याची त्यांना परवानगी हवी होती. नटवर्यांच्या लगेच नंतर.

“सर, तो विराम नव्हता,” ती म्हणाली. “वर घंटा वाजत होती. एका बाळाचा श्वास थांबला होता. मी लगेच जायला हवं होतं, आणि गेले नाही. तुमच्या वीस गुणांसाठी थांबले. तुम्ही टाळ्या वाजवत होतात तेव्हा वर मी त्या बाळाच्या तळव्यावर टिचक्या मारत होते.”

थांबासर गप्प झाले. खरोखरचे गप्प, घड्याळाकडे न बघता. त्यांचं तोंड किंचित उघडं राहिलं, आणि क्षणभर तिला वाटलं, आता हा माणूस काहीतरी न शिकलेलं बोलेल.

“सिस्टर,” ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, “हे त्या दिवशी का नाही सांगितलंत? अहो, केवढी मोठी गोष्ट आहे ही! वीसपैकी वीस! ती पणती काढून टाकू आपण. पुढच्या वर्षी इथूनच सुरुवात करा.”

तिनं हात टेकले. मामंजींच्या चष्म्याची हकीकत जिभेवर आली होती. ती तिनं गिळली. ती तिची नव्हती.

“चित्रीकरण दाखवायचंच असेल तर चौथ्या सेकंदापर्यंत दाखवा,” ती म्हणाली. “पुढचं कुणाला शिकवू नका.”

“वा!” थांबासरांनी वही काढली आणि लिहून घेतलं.

महिन्याभरानं नवी सिस्टर रुजू झाली. बोलायला बेताची, चालायला चपळ. पहिल्याच दुपारी इनचार्ज सिस्टर पाळी संपूनही अर्धा तास रेंगाळली, तक्त्यांवर सह्या करण्याच्या निमित्तानं. खाली सभागृहात नव्या तुकडीचा वर्ग भरला होता. झरोक्यातून आधी थोडी शांतता वर आली, आणि मग एकाएकी पावलांची धडधड: एकेक खातेप्रमुख वाक्य अर्धवट टाकून दाराबाहेर धावण्याचा सराव करत होता. कुणाची तरी खुर्ची पडली. “थांबा!” असा ओळखीचा आवाज आला.

त्याच वेळी चार नंबरची घंटा वाजली. लांब, एका सुरातली. धाकटी दुसऱ्या टोकाला, तिच्या मांडीवर बाळ, हातात नळी. इनचार्ज सिस्टरचं पेन सहीवर थबकलं.

एक, तिनं मोजलं.

दोन म्हणायच्या आत घंटा बंद झाली होती.